लेड डिस्क्लोजर आणि लेड इन्स्पेक्शन: सही कशावर करताय?

घरखरेदीचा मोसम आला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी गोतावळ्यात हे वाक्य हमखास कानावर पडतं: "घर १९५२चं आहे, पण लेडचं टेन्शन नाही. डिस्क्लोजर क्लीन आलंय." लेड म्हणजे शिसं, इथे जुन्या घरांच्या रंगातलं विषारी शिसं.

डिस्क्लोजर 'येत' नसतं हो. येतो तो रिपोर्ट, प्रयोगशाळेतून किंवा तपासनीसाकडून. डिस्क्लोजर हा घरातल्या शिशाबद्दल आपल्याला काय माहीत आहे ते विकणाऱ्याने स्वतःच्या घरात बसून, स्वतःच्या पेनाने भरलेला कागद आहे. तो भरण्यासाठी कोणी भिंतीला हातही लावलेला नसतो.

इन्स्पेक्शन म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ते थोडक्यात उरकतो. प्रमाणपत्रधारक माणूस येतो, एक्सआरएफ नावाचं बंदुकीसारखं यंत्र भिंतींना, चौकटींना, खिडक्यांना टेकवतो आणि रंगाच्या सगळ्या थरांत शिसं आहे का ते खरवडल्याशिवाय मोजतो. दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं, की कायद्याच्या भाषेत तो शिसेयुक्त रंग. संपलं.

गोंधळ आहे तो दुसऱ्या कागदाचा, म्हणजे डिस्क्लोजरचा. अमेरिकेचा केंद्रीय कायदा १९९२चा, नियम १९९६पासून लागू. घर १९७८च्या आधीचं असेल तर विकणाऱ्याने करार पक्का होण्याआधी शिशाच्या रंगाबद्दल त्याला जे माहीत आहे ते सांगायचं, हातात असलेले जुने रिपोर्ट द्यायचे, सरकारी पुस्तिका द्यायची आणि करारात ठरावीक इशारा छापायचा. (पुस्तिका सगळे घेतात, वाचत कोणी नाही. तो वेगळा विषय.) १९७८ हे वर्ष अशासाठी, की त्या वर्षी घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर देशभर बंदी आली.

आता तो फॉर्म नीट बघा. विकणाऱ्यापुढे दोन चौकटी असतात. एक: घरात शिशाचा रंग किंवा त्याचा धोका असल्याचं मला माहीत आहे. दोन: मला त्याची काही माहिती नाही. तिसरी चौकट, म्हणजे 'घरात शिसं नाही', फॉर्मवर नसतेच. तरीही दुसऱ्या चौकटीतली खूण बघून आपली माणसं मनातल्या मनात तिसरी चौकट आखतात आणि तिच्यात खूण करून मोकळी होतात.

कायदा विकणाऱ्याला 'शोध घे' म्हणत नाही, रंग काढायलाही सांगत नाही. माहीत असेल ते लपवू नकोस, एवढंच त्याचं म्हणणं. म्हणून तीस वर्षं त्या घरात राहिलेला आणि एकदाही तपासणी न केलेला माणूस 'माहिती नाही' लिहितो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. आईवडिलांचं घर वारशाने मिळालेली मुलगीही खरंच बोलत असते. गावाकडे जमीन घेताना विकणारा "माझ्या माहितीप्रमाणे बोजा नाही" असं शपथेवर सांगतो, तरी आपण वकिलाकडून सर्च रिपोर्ट काढतोच ना? तिथे जी अक्कल चालते, ती सात-आठ लाख डॉलरच्या घरापाशी कुठे जाते, हे मला आजवर कळलेलं नाही.

त्या खुणेपेक्षा घराचं बांधकामवर्ष कितीतरी जास्त सांगतं. ईपीए या अमेरिकी पर्यावरण खात्याच्या आकडेवारीनुसार १९४०च्या आधीच्या सुमारे ८७ टक्के घरांत शिशाचा रंग कुठे ना कुठे आहे, १९४० ते १९५९मधल्या ६९ टक्क्यांत आणि १९६० ते १९७७मधल्या २४ टक्क्यांत. म्हणजे १९३५च्या घराच्या फॉर्मवर 'माहिती नाही' दिसलं, तर मी त्याचा अर्थ 'बहुधा आहे, कोणी बघितलेलं नाही' असा लावते.

यात एक मेख आहे, आणि ती सहसा कोणी उघड बोलत नाही. तपासणी केली आणि शिसं निघालं, तर ती माहिती मालकाला चिकटते. पुढे विकताना रिपोर्ट द्यावाच लागतो. जाणूनबुजून दडवला तर खरेदीदार नुकसानीच्या तिप्पट भरपाई मागू शकतो. त्यामुळे विकणाऱ्याच्या दृष्टीने न तपासणं हाच शहाणपणा ठरतो, आणि असा सल्ला देणारे एजंटही मी पाहिलेत. मला तो बेकायदेशीर वाटत नाही, पण त्यातून निघालेल्या कोऱ्या कागदाला 'क्लीन' म्हणणं मात्र डोक्यात जातं.

तपासणीचा भार कायद्याने खरेदीदारावर टाकलाय, आणि त्यासाठी मुदतही दिलीय: दहा दिवस, स्वतःच्या खर्चाने. ही मुदत दोघांच्या संमतीने कमीजास्त होते, आणि खरेदीदार ती सोडूनही देऊ शकतो. त्याच फॉर्मवर खाली खरेदीदाराच्या आद्याक्षरांची जागा असते, तिथे हे लिहिलेलं असतं. चढाओढीच्या बाजारात एजंट बोट ठेवतो आणि आपण सह्या करत सुटतो. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने अशीच मुदत सोडली आणि वर मला सांगितलं, "होम इन्स्पेक्शन केलंय ना." नेहमीचं होम इन्स्पेक्शन छप्पर, पाया, वायरिंग, भट्टी बघतं. शिसं त्यात धरलेलं नसतं, ते वेगळं सांगावं लागतं आणि त्याचे वेगळे पैसे पडतात.

सांगताना 'लेड टेस्ट' एवढंच म्हणू नका. इन्स्पेक्शन सांगतं, शिशाचा रंग कुठे आहे. रिस्क असेसमेंट सांगतं, त्यातून आत्ता धोका कुठे आहे: सुटलेले पोपडे, खिडकीच्या कट्ट्यावरची धूळ, अंगणातली माती. धड, न सुटलेला रंग भिंतीवर नुसता असेल तर तो सहसा कोणाला छळत नाही. जुन्या वरखाली सरकणाऱ्या खिडक्या मात्र दर वेळी घासतात, त्यांची बारीक पूड जमिनीवर पडते, आणि रांगणारं बाळ तेच हात तोंडात घालतं. घरात लहान मूल असेल तर मी आधी रिस्क असेसमेंटवर पैसे खर्च करेन. भिंती पाडून स्वयंपाकघर मोठं करायचं असेल तर इन्स्पेक्शन. दोन्ही एकत्रही करून मिळतं. दुकानातल्या पुसून बघायच्या काड्यांवर मात्र माझा भरवसा नाही.

भाड्याचं थोडं वेगळं. डिस्क्लोजर भाडेकरूलाही मिळतं, ते दहा दिवस मिळत नाहीत. शंभर दिवसांपर्यंतच्या छोट्या कराराला हा नियम लागत नाही. पण राज्यांचे कायदे केंद्राच्या पुढे गेलेत. न्यू जर्सीत २२ जुलै २०२२पासून १९७८पूर्वीच्या बहुतेक भाड्याच्या घरांची ठरावीक काळाने तपासणी करावीच लागते, आणि पास झालेल्या घराला 'लेड-सेफ' प्रमाणपत्र मिळतं. ते दोन वर्षं चालतं. इथेही तोच घोळ: 'लेड-सेफ' म्हणजे 'लेड-फ्री' नाही. शिसं भिंतीत असू शकतं, तपासणीच्या दिवशी धोका आढळला नाही, इतकंच. मॅसॅच्युसेट्समध्ये सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर मालकाला शिशाचा धोका दूर करावाच लागतो, आणि मूल आहे म्हणून घर नाकारता येत नाही.

जाता जाता: मुलाच्या रक्तात शिसं निघालं तर सगळं खापर घरावर फोडू नका. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, आणि इथल्या भारतीय दुकानांतल्या शेंदराच्या नमुन्यांतही शिसं सापडलेलं आहे. देव्हाराही तपासून बघा. शिसपेन्सिलीत मात्र शिसं फक्त नावात, आत असतं ते ग्राफाइट.

आणि हो, आज तुम्ही तपासणी करून घेतलीत, तर दहा वर्षांनी घर विकताना 'माहिती नाही'च्या चौकटीत खूण करायची सोय तुम्हाला उरणार नाही. रिपोर्ट फाइलला लावून ठेवा. तेव्हाच्या खरेदीदाराला तो द्यावा लागेल.