क्षेत्ररेखीय प्रवाह (बर्कलंड प्रवाह)

ध्रुवीय प्रदेशांवर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्ररेषा धरून चुंबकांबर (अवकाशातला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा प्रभावप्रदेश) आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित कणांचा थर) यांच्या दरम्यान वाहणारे विद्युत प्रवाह. नॉर्वेचे क्रिस्टियान बर्कलंड यांनी १९०८ मध्ये ही कल्पना मांडली. ती बराच काळ अनेकांच्या गळी उतरली नाही. १९६० च्या दशकात उपग्रहांच्या मोजणीने वाद मिटला. या प्रवाहांची एकूण तीव्रता साधारण दहा लाख अँपिअरच्या घरात असते, वादळात ती कितीतरी वाढते.

एकीकडे खाली उतरायचे, आयनांबरातून आडवे जायचे, दुसरीकडून वर चढायचे, असा त्यांचा फेरा. वर जाणारा प्रवाह म्हणजे खरे तर खाली येणारे इलेक्ट्रॉन. काही हजार किलोमीटर उंचीवर ते अपुरे पडू लागले, की क्षेत्ररेषेच्याच दिशेने विद्युत क्षेत्र उभे राहते. तिथल्या हजारो व्होल्टच्या फरकाने वेग घेतलेले इलेक्ट्रॉन शे-दीडशे किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनला धडकतात आणि हिरवा ध्रुवीय प्रकाश उजळतो.

कोकणातून तो दिसत नाही. तरी या विषयातला एक गाजलेला आकडा याच किनाऱ्यावरचा आहे. २ सप्टेंबर १८५९ च्या सौर वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरला; नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचे एकक. (अलिबागला हा घटक आज ३८,००० च्या आसपास असतो.) आपोआप नोंद करणारे यंत्र तेव्हा तिथे नव्हते, निरीक्षक डोळ्यांनी वाचून आकडे टिपत. घसरण जितकी खोल तितकीच झटपट भरून आली, आणि खरी मेख इथेच आहे. एरवी अशी घसरण घडवतो तो अवकाशात विषुववृत्ताभोवती वाहणारा वलयप्रवाह, आणि तो इतक्या लवकर ओसरत नाही. म्हणून काही संशोधकांना वाटते, की एरवी ध्रुवांकडे असणारे क्षेत्ररेखीय प्रवाह त्या दिवशी बरेच दक्षिणेकडे सरकले असावेत.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने चुंबकीय नोंदी बिघडणार म्हटल्यावर वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय उपकरणांसाठी अलिबाग निवडले. म्हणजे कुलाबा सोडून कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातच! कोकणात बांधायचे तर जांभा नाहीतर काळा दगड. पण दोन्हींत लोह, म्हणून पोरबंदरचा दगड आणला. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि जुनी मालिका न तुटता अलिबागला जोडली गेली.