झडप पूर्ण उघडी, तरी बूस्ट चढतोच

माझ्या आतेभावाने दिवाळीनंतर त्याच्या टर्बो स्पोर्ट्स कारला मोठा एक्झॉस्ट लावून घेतला, टर्बोच्या तोंडापासून मागपर्यंत सगळा तीन इंची पाइप. आवाज मस्त, पिकअप मस्त. मग जानेवारीत एका पहाटे पीथमपूरकडे जाताना तिसऱ्या गिअरमध्ये बूस्टचा, म्हणजे टर्बो इंजिनात हवा किती दाबाने कोंबतो त्याचा, काटा, जो नेहमी ०.८ बारला थांबायचा, तो सरकत सरकत १.१ च्या वर गेला आणि गाडीने असा झटका दिला की जणू कोणी पेट्रोलच बंद केलं. खरंच बंद केलं होतं, ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने), इंजिन वाचवायला.

रामबागेत घरी आल्याआल्या म्हणाला, "दादा, बूस्टचं सेटिंग कमी करून घेतो." मी म्हटलं, अरे थांब, हा सेटिंगचा प्रश्नच नाहीये.

टर्बो चालतो तो इंजिनातून निघणाऱ्या गरम वायूवर. टर्बाइनच्या आधी दाब जास्त आणि नंतर कमी, या फरकावर ते चाक मिनिटाला लाखभराहून जास्त फेरे घेतं. मागचा पाइप मोकळा केला की पलीकडचा दाब उतरतो, फरक वाढतो, चाक आणखी जोर धरतं. जास्तीचा वायू चाकाला बगल देऊन बाहेर काढायला वेस्टगेट नावाची छोटी झडप असते, आणि तिचं भोक कंपनीने जुन्या, अडवणाऱ्या एक्झॉस्टच्या हिशोबाने ठेवलेलं असतं.

आपल्या इंदूरजवळच्या यशवंतसागर धरणाचं बघा ना. पावसाळ्यात गेट उघडतात, पण गंभीर नदीतून येणारं पाणी गेटमधून जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असेल तर सगळी गेट उघडी असूनही पातळी चढतच राहणार. इथेही तेच होतं, याला बूस्ट क्रीप म्हणतात. झडप आधीच पूर्ण उघडलीय, आता बूस्ट ठरवणाऱ्या कंट्रोलरचं बटण कितीही खाली फिरवा, ती अजून कुठे उघडणार?

आता ओळखायचं कसं, तर लॉग, म्हणजे गाडी चालताना ईसीयूने नोंदवलेले आकडे, बघायचा. वेस्टगेट सोलेनॉइडची (झडप बंद धरून बूस्ट वाढवणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) ड्यूटी शून्यावर आलीय आणि तरी आरपीएमबरोबर बूस्ट हळूहळू चढतोय, तर क्रीप. एकदम उसळून लगेच खाली बसला तर तो स्पाइक, तो ट्यूनिंगने सुधारतो. पण त्याआधी अ‍ॅक्च्युएटरकडे, म्हणजे बूस्टच्या दाबाने झडप उघडणाऱ्या डबीकडे, जाणारी रबरी नळी बघा, ती फाटली किंवा निसटली असेल तर झडपेला दाब कळतच नाही, ती बंदच राहते आणि बूस्ट भसाभस वर जातो. पाच मिनिटांचं काम, लोक नेमकं तेच विसरतात.

जास्त बूस्टमध्ये वाईट काय? हवा दाबली की तापते. दाब दुप्पट केला तर ३० अंशांची हवा इंटरकूलरच्या (ती थंड करणाऱ्या जाळीच्या) आधी सव्वाशे अंशांच्या आसपास जाते, त्यात इंजेक्टर तेवढं पेट्रोल पुरवू शकले नाहीत की मिश्रण पातळ होतं, नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकणं) सुरू होतं, आणि मग पिस्टन फुटायला वेळ लागत नाही. म्हणून ईसीयूचा तो फ्युएल कट (पेट्रोल बंद करणं) चुकवणारी डबी कोणी विकत असेल तर हात जोडून सांगतो, लावू नका, तो शेवटचा पहारेकरी आहे.

खरा उपाय म्हणजे टर्बो उतरवून वेस्टगेटचं भोक मोठं करणं, झडप नीट बसेल एवढंच, आणि ती पूर्ण उघडताना कुठे अडत नाही ना बघणं. तेवढ्याने भागलं नाही तर वेगळं एक्स्टर्नल वेस्टगेट. किंवा मोठा पाइप लावताना काढलेला कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) परत लावा, थोडा अडथळा येतो आणि बूस्ट आवरतो. मला तरी हेच आधी करावंसं वाटतं, कारण कॅट नसलेली गाडी धूर ओकते, आणि मूळ गाडीत असे बदल करून रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येही बसत नाही.

भावाने कॅट लावला, भोकही मोठं केलं, मे महिन्यात डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवून तपासायच्या यंत्रावर) काटा ०.८५ ला थांबला. तो खूश, मी अजून नाही. ४० अंशांच्या हवेपेक्षा १० अंशांची हवा सुमारे १० टक्के घन असते, त्यामुळे क्रीप दिसतो तो थंडीत. डिसेंबरात पुन्हा लॉग घेऊ, तोवर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्यायचा नाही असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.