वरचा हात, खालचा हात: आइस हॉकीतला शॉट कसा घडतो

जगात दहांतली नऊ माणसं उजव्या हाताने लिहितात. पण उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे आइस हॉकीच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, दहांतले सहाहून अधिक खेळाडू 'डावे' गणले जातात. म्हणून जगभरचे डावखुरे या एका खेळात गोळा झालेत असं नाही. यांतले बहुतेक जण लिहायला आणि चेंडू फेकायला उजवाच हात वापरतात. आइस हॉकीत डावं-उजवं ठरतं ते स्टिकवर खाली कोणता हात आहे यावरून. उजवा हात दांड्याच्या वरच्या टोकाशी आणि डावा हात खाली असेल, तर ब्लेड, म्हणजे स्टिकचं खालचं पातं, शरीराच्या डाव्या अंगाला येतं आणि तो खेळाडू डावा म्हणून नोंदला जातो.

मग पहिल्यांदा स्टिक हातात घेणाऱ्या मुलाने कोणता हात वर ठेवावा? पाहणाऱ्याला वाटतं, जोर खालच्या हाताचा, तेव्हा बळकट हात खाली हवा. प्रत्यक्षात स्टिकचं सुकाणू वरच्या हाताकडे असतं. ब्लेड किती अंशात वळायचं, पकवर, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीवर, किती झुकायचं, क्षणात उताणं होऊन पक पलीकडे कसा न्यायचा, हे सगळं वरच्या मनगटातून ठरतं. खालचा हात दांड्यावर वरखाली सरकतो, आधार देतो, ढकलतो. प्रतिस्पर्ध्याकडून पक काढून घ्यायला खेळाडू एका हाताने स्टिक लांब करतो तेव्हाही ती वरच्याच हातात असते. म्हणून ज्या हातात कसब जास्त तो वर, हा विचार मला पटतो. उजव्या हाताचं मूल असं उभं राहिलं की ते आपोआप 'डावं' होतं.

कॅनडात हेच घडतं. तिथे डाव्या स्टिक जास्त विकल्या जातात. अमेरिकेत उलट, उजव्यांचा खप जास्त. नेहमी दिलं जाणारं कारण असं, की कॅनडातल्या मुलाच्या हातात चालायला लागल्यापासून हॉकी स्टिक असते, तर अमेरिकेतल्या पुष्कळ मुलांनी त्याआधी बेसबॉलची बॅट धरलेली असते आणि उजव्या हाताचा मुलगा बॅट धरताना उजवा हात वरच्या बाजूला, म्हणजे फटक्याच्या जवळ ठेवतो. तीच पकड स्टिकवर आली की उजवा हात खाली जातो. मैदानी हॉकीत हा प्रश्नच येत नाही. तिथे स्टिक एकाच प्रकारची, सगळ्यांचा डावा हात वर.

चौथ्या-पाचव्या वर्षी झालेली ही निवड सहसा आयुष्यभर बदलत नाही आणि पुढे तिला मोठी किंमत येते. डिफेन्सला उजव्या बाजूला उभा राहणारा खेळाडू उजवा असेल, तर कडेच्या फळ्यांवरून घसरत येणारा पक त्याच्या ब्लेडच्या सुलट बाजूवर येतो. डावा असेल तर तोच पक ब्लेडच्या उलट बाजूने अडवावा लागतो आणि अंगावर धावून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर तेवढा उशीरही महाग पडतो. प्रत्येक संघाला डिफेन्सच्या तीन जोड्या लागतात आणि प्रत्येक जोडीत एक डावा, एक उजवा असावा असं प्रशिक्षकांना वाटतं. उजवे मुळात कमी. त्यामुळे चांगल्या उजव्या डिफेन्समनसाठी संघ एरवीपेक्षा जास्त मोजायला तयार असतात.

आक्रमणात मात्र बाजू मुद्दाम उलटी करतात. अलेक्झांडर ओवेच्किन उजवा आहे, पण खेळतो डाव्या विंगवर, म्हणजे आक्रमणाच्या डाव्या कडेला. त्यामुळे त्याचं ब्लेड मैदानाच्या मध्याकडे असतं. समोरून आडवा आलेला पास तो थांबवत नाही, येतो तसाच गोलकडे मारतो. याला वन-टायमर म्हणतात. पास आडवा जाताना गोलकीपरलाही एका खांबाकडून दुसऱ्याकडे सरकावं लागतं आणि तो सरकत असतानाच शॉट येतो. ६ एप्रिल २०२५ रोजी ओवेच्किनने वेन ग्रेट्स्कीचा लीगमधल्या कारकीर्दीतल्या ८९४ गोलांचा विक्रम मोडला. तो ८९५वा गोलही गोलसमोर बर्फावर आखलेल्या डाव्या वर्तुळातल्या त्याच्या नेहमीच्या जागेवरूनच आला. ती जागा सगळ्या लीगला वीस वर्षं ठाऊक होती, तरी थोपवता आली नाही.

डावं-उजवं एवढं पक्कं झालं ते ब्लेडला बाक आल्यावर. पूर्वी ब्लेड सरळ असे आणि गॉर्डी हाऊसारखा खेळाडू हात बदलून दोन्ही अंगांनी शॉट मारू शके. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागो संघाच्या स्टॅन मिकिटा आणि बॉबी हल यांनी बाकदार ब्लेड वापरायला घेतलं. सरावात मिकिटाचं ब्लेड तडकून वाकलं, त्याने चिडून तसाच शॉट मारला आणि पक विचित्र वेगाने गेला, अशी हकीकत सांगितली जाते. बाकामुळे पक ब्लेडच्या खोबणीत बसतो, उचलता येतो आणि सुटताना गरगर फिरतो. त्या काळात अनेक गोलकीपर मुखवटा न घालता खेळत, त्यांना या शॉटची धडकी भरली होती. पुढे बाकावर मर्यादा आली. कमी होत ती अर्ध्या इंचावर आली आणि २००६पासून पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर झाली.

ही मर्यादा केवळ कागदावरची नव्हती. १९९३च्या स्टॅन्ली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत लॉस एंजेलिस किंग्ज माँट्रियलविरुद्ध एक सामना जिंकून पुढे होते आणि दुसऱ्या सामन्यातही २-१ अशी आघाडी होती. दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला असताना माँट्रियलचे प्रशिक्षक जाक दमेर यांनी किंग्जच्या मार्टी मॅकसॉर्लीची स्टिक मोजायची मागणी केली. बाक जास्त भरला, मॅकसॉर्लीला शिक्षा म्हणून बाहेर बसावं लागलं, किंग्ज एका खेळाडूने कमी झाले, माँट्रियलच्या एरिक देजार्दँने बरोबरी साधली आणि जादा वेळेत त्यानेच सामनाही जिंकून दिला. किंग्जना त्या फेरीत त्यानंतर एकही सामना जिंकता आला नाही. काही मिलिमीटर बाकाचा फायदा किती, हे यावरून कळतं; नाहीतर कुणी तो धोका पत्करला नसता.

आता दांड्याकडे. स्टिकवर ८५, ७५, ५० असा एक आकडा छापलेला असतो. याला फ्लेक्स म्हणतात. दांडा मधोमध एक इंच वाकवायला किती पौंड जोर लागतो, हे तो सांगतो. ८५ फ्लेक्स म्हणजे साधारण ३९ किलो वजनाचा भार. कार्बन फायबरच्या आजच्या स्टिक वाकतात आणि झटक्यात सरळ होतात, आणि त्या सरळ होण्यातली ऊर्जा पकला मिळते. स्लॅप शॉट, म्हणजे स्टिक मागे उचलून मारलेला फटका, नीट पाहिला तर खेळाडू पकवर थेट मारत नाही. स्टिक आधी पकच्या वीतभर मागे बर्फावर आदळते, तिथे दांडा वाकतो आणि वाकलेला असतानाच ब्लेड पकपर्यंत पोचतं. ब्लेड आणि पक एकत्र असतात ते सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागापुरते. कसलेल्या खेळाडूच्या शॉटमध्ये हा स्पर्श नवख्यापेक्षा जास्त टिकतो, म्हणजे ढकलायला त्याला जास्त वेळ मिळतो.

पालकांची चूक होते ती इथे, फ्लेक्स निवडताना. कडक स्टिक म्हणजे जोरदार शॉट, असा समज आहे. गणित वेगळं सांगतं. वाकलेल्या दांड्यात साठणारी ऊर्जा जोर आणि वाक या दोन्हींवर अवलंबून असते. जोर तेवढाच ठेवून दांड्याचा कडकपणा निम्मा केला, तर दांडा दुप्पट वाकतो आणि ऊर्जाही दुप्पट साठते. ४० किलो वजनाच्या मुलाच्या हातात मोठ्या माणसाची ८५ची स्टिक दिली, तर ती जेमतेम वाकेल आणि त्याला काहीच परत देणार नाही. मुलाचं वजन पौंडांत जेवढं त्याच्या निम्मा फ्लेक्स, हा प्रचलित ठोकताळा म्हणून योग्य आहे. आणखी एक गोष्ट: उंचीला जुळावी म्हणून दांडा वरून कापतात, तेव्हा छापलेला आकडा खोटा ठरतो. दांड्याचा कडकपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. दीड मीटरच्या स्टिकमधून ५ सेंटिमीटर कापले की ती जवळपास १० टक्क्यांनी कडक होते.

स्लॅप शॉटचा वेग डोळे दिपवतो. २०१२च्या ऑल-स्टार कौशल्य स्पर्धेत झ्देनो चाराने ताशी १७५ किलोमीटरचा शॉट मारला होता. चारा ६ फूट ९ इंच उंच, त्याची स्टिकही नेहमीच्या मर्यादेहून लांब, तशी खास परवानगी असलेली. पण स्पर्धेत पक स्थिर असतो आणि अंगावर कुणी येत नाही. सामन्यात स्टिक मागे उचलायलाच जो वेळ जातो, तेवढ्यात बचावपटू आडवा येतो आणि गोलकीपर जागा धरतो. म्हणूनच आज गोलवर येणाऱ्या शॉटपैकी निम्म्याहून जास्त रिस्ट शॉट असतात. यात पक ब्लेडलाच टेकलेला असतो. वजन मागच्या पायावरून पुढच्यावर जातं, वरचा हात दांडा आपल्याकडे ओढतो, खालचा पुढे ढकलतो आणि पक ब्लेडच्या टाचेकडून टोकाकडे घरंगळत सुटतो. या घरंगळण्याने त्याला फिरकी मिळते. फिरणारा भोवरा जसा कलंडत नाही, तसा फिरणारा पक हवेत सपाट राहतो आणि नेमका जातो. सामन्याआधी पक गोठवून ठेवतात, त्यामुळे रबर कमी उसळतं आणि पक बर्फावर शांत सरकतो.

गोलकीपरच्या बाजूने पाहिलं की शॉटचं खरं मर्म कळतं. निळ्या रेषेपासून गोलरेषा १९.५ मीटर. तिथून ताशी १६० किलोमीटरचा स्लॅप शॉट ०.४४ सेकंदांत पोचतो. पण ८ मीटरवरून आलेला ताशी १२० किलोमीटरचा साधा रिस्ट शॉट ०.२४ सेकंदांत पोचतो. डोळ्याने पाहून स्नायू हलायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे जवळच्या शॉटला पक पाहून हात हलवायला वेळच उरत नाही. गोलकीपर खेळतो तो पक सुटण्याआधी दिसलेल्या गोष्टींवर: खांदा कुठे वळला, डोकं खाली गेलं का, पाय थबकले का, ब्लेडचं तोंड वर उघडलेलं आहे की पकवर झुकलेलं. या खुणा जो कमीत कमी देईल, त्याचा शॉट सर्वांत अवघड. ताशी दहा किलोमीटरचा जादा वेग यापुढे मला दुय्यम वाटतो.

ऑस्टन मॅथ्यूजने याचीच कला केली. ॲरिझोनात वाढलेला हा डावा खेळाडू २०१६मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या प्रक्रियेत, पहिला निवडला गेला आणि २०२३-२४च्या हंगामात त्याने ६९ गोल केले. तो पक शरीरापासून दूर धरतो आणि सोडण्याच्या क्षणी ब्लेडच्या टोकाने आत ओढतो. ओढणं आणि मारणं एकाच हालचालीत होतं. समजा पक गोलपासून ८ मीटरवर आहे, गोलकीपर गोलरेषेच्या दीड मीटर पुढे उभा आहे आणि पक ऐनवेळी अर्धा मीटर आत आला. सरळ भूमिती मांडली तर गोलकीपरला तेवढीच जागा झाकण्यासाठी सुमारे ९ सेंटिमीटर सरकायला हवं. पकचा व्यास ७.६ सेंटिमीटर. जी फट त्याने क्षणापूर्वी बरोबर बंद केली होती, त्यातून आता पक जातो आणि सरकायला वेळ नसतो.

१७-१८ वर्षांच्या होतकरू मुलांना पाहणारे स्काउट हेच शोधत असतात. दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये ३२ संघ ७ फेऱ्यांत मुलं निवडतात आणि शॉटबद्दल त्यांच्या तोंडी सतत एक शब्द असतो: रिलीज. पास ब्लेडवर आल्यापासून पक सुटेपर्यंत किती वेळ गेला? धावण्याची लय मोडली का? चुकीच्या पायावर असतानाही मारता येतो का? कॉनर बेडार्डची उंची या खेळाच्या मानाने बेताची, पण २०२२-२३मध्ये रेजायना पॅट्स या ज्युनिअर संघाकडून त्याने ५७ सामन्यांत ७१ गोल केले आणि २०२३मध्ये शिकागोने त्याला पहिला निवडला. ओढून मारण्याची कला त्याच्याही हातात त्या वयात होती. कोल कॉफिल्ड त्याच्याहूनही बुटका. अमेरिकेच्या १८ वर्षांखालील संघाकडून एका हंगामात ७२ गोल करूनही २०१९मध्ये १४ नावं झाल्यावर माँट्रियलने त्याला घेतलं. उंचीची भीती शॉटपेक्षा मोठी ठरली. माझ्या मते ती भीती अजूनही ड्राफ्टमध्ये गरजेपेक्षा जास्त असते.

यात सर्वांत बोलकं उदाहरण बॉबी हलच्या मुलाचं आहे. ब्रेट हलने १९८३-८४मध्ये पेंटिक्टनच्या ज्युनिअर संघाकडून ५६ सामन्यांत १०५ गोल केले होते. तरी १९८४च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव ११७वं आलं, कारण तो सुस्त दिसे आणि बचावाकडे त्याचं लक्ष नसे. स्काउट त्याचे पाय पाहत होते. पण पक नसताना तो मोकळ्या बर्फावर हळूच सरकून उभा राही, स्टिक आधीच मागे उचललेली, ब्लेड पासच्या दिशेला वळवलेलं. पास आला की थांबवणं नाही, नजर खाली जाणं नाही. गोलकीपरला वाचण्यासारखं त्यात काही उरतच नसे. १९९०-९१च्या एका हंगामात त्याने ८६ गोल केले आणि एकूण कारकीर्दीत ७४१.