खारट पाणी आणि उपाशीपोटीची गोळी

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणारे एक काका बोलता बोलता थांबतात आणि रुमाल तोंडाला लावतात. रात्री तर खारट पाण्यानं तोंड भरून जाग येते. "लाळ थांबवायची गोळी मागितली, तर डॉक्टरांनी पित्ताची दिली की हो!" हे त्यांचं गाऱ्हाणं.

डॉक्टर चुकले नव्हते. (आपण ज्याला पित्त म्हणतो ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. खरं पित्त यकृतात तयार होतं, पण बोलीपुढे कुणाचं काय चालतंय?) हे आम्ल अन्ननलिकेत चढलं की तिथल्या नसांना ते झोंबतं आणि लाळग्रंथी भराभरा पाझरू लागतात. लाळेत बायकार्बोनेट असतं, म्हणजे खायच्या सोड्यातलाच घटक. ती गिळली की अन्ननलिका धुतली जाते. अशी लाळ आटवली तर जळजळीला रान मोकळं. पार्किन्सनच्या रुग्णाची गोष्ट वेगळी; त्याची लाळ गळते ती मुख्यतः गिळणं मंदावल्यामुळे.

काका गोळी घ्यायचे ती रात्री, तांबडा-पांढरा रस्सा ओरपून झाल्यावर. तिसऱ्या दिवशी "गुण नाही" म्हणून त्यांनी ती सोडली. गोळी पँटोप्राझोलची. जठराच्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात, आणि हे औषध चालू असलेल्या पंपांनाच धरतं. पंप सुरू होतात जेवणानं. रक्तात औषध टिकतं जेमतेम काही तास. म्हणून ते जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायचं, म्हणजे पंप जागे होताना ते रक्तात हजर असतं. एका गोळीत सगळे पंप सापडत नाहीत, रोज नवेही तयार होतात. पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. गोळी चावायचीही नाही. वरचं आवरण गेलं तर जठरातलं आम्लच औषध खाऊन टाकतं. बरेच महिने घेऊन एकदम बंद केली, तर काहींना जळजळ उसळून येते.

मधल्या काळात काकांनी गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूधही लावलं होतं. घोटाबरोबर बरं वाटायचं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात, त्यामुळे तासाभरात पुन्हा तेच.

घास अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचाला काळी होत असेल, तर गोळ्यांचे प्रयोग न करता थेट डॉक्टर गाठावा.

काकांची गोळी आता दात घासायच्या ब्रशशेजारी असते. रात्रीच्या रश्श्याचा विषय काढला, की ते तलावाकडे बघतात.