कुकीच्या कडेला तयार होणारी काच

डिसेंबर लागला की घरी बेकिंग करणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. "वेळ पूर्ण झाली तरी मधे बोट रुतत होतं. कच्चं राहिलं असेल म्हणून आणखी दहा मिनिटं ठेवलं, आणि आता सुरीसुद्धा चालत नाही." यात मापं चुकलेली नसतात आणि ओव्हनही बिघडलेला नसतो. घोळ असतो तो "मऊ म्हणजे कच्चं" या समजुतीत. साखर जास्त असलेली कुकी ओव्हनमध्ये कुरकुरीत होतच नाही. ती कुरकुरीत होते बाहेर आल्यावर, ओट्यावर गार होताना. या गार होण्यात पदार्थविज्ञानाचा एक फार सुंदर भाग दडलेला आहे आणि मला आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

उदाहरण म्हणून बार कुकी घेऊ. अमेरिकेत नाताळच्या आधी शेजारी, मैत्रिणी, सहकारी आपापल्या घरच्या कुकी एकमेकांना देतात. प्रत्येकाने एकच प्रकार भरपूर करायचा आणि घरी जाताना दहा प्रकार घेऊन जायचे, अशी ती पद्धत. तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही त्यात हौसेने उतरतात. मुलांच्या शाळेपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना द्यायचं असतं, तेव्हा लाटणं, साचे, एकेक गोळा मांडणं कोण करत बसणार? बारला यातलं काहीच लागत नाही. पीठ चौकोनी ट्रेमध्ये ओतायचं, भाजायचं, गार झालं की वड्या पाडायच्या. आपल्याला वड्या थापायची सवय आहेच.

सगळ्यात सोपा बार असा: 115 ग्रॅम लोणी वितळवून त्यात 200 ग्रॅम ब्राउन शुगर, एक अंडं, 125 ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि थोडा व्हॅनिला. आठ इंची चौकोनी ट्रे, 175 अंश, वीस ते पंचवीस मिनिटं. आता या मिश्रणात पाणी किती आहे ते बघा. आपण वेगळं पाणी घातलेलंच नाही. अंड्यात सुमारे 37 ग्रॅम पाणी असतं. बाजारच्या लोण्याचा साधारण सहावा भाग पाणी, म्हणजे 18 ग्रॅम. साखरेच्या ओलाव्याचे चार-पाच ग्रॅम धरले तर झाले जेमतेम 60 ग्रॅम. खोलीच्या तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात 200 ग्रॅम साखर विरघळते. म्हणजे आपल्या 200 ग्रॅम साखरेपैकी जास्तीत जास्त 120 ग्रॅम विरघळेल आणि उरलेली दाणेदारच राहील. पण 100 अंशांना तेच 100 ग्रॅम पाणी 480 ग्रॅमहून जास्त साखर विरघळवतं. ट्रे तापला की दाणे नाहीसे होतात आणि पिठाच्या जागी एक दाट पाक तयार होतो, ज्यात मैद्याचे कण आणि लोण्याचे थेंब तरंगत असतात. साखर इथे वितळत नाही, विरघळते. वितळायला तिला 186 अंशांच्या आसपासचं तापमान लागतं, आणि पाणी शिल्लक असेपर्यंत बारचं पोट शंभरीच्या फार पुढे जात नाही.

नानकटाईशी तुलना केली की हे पटकन उमगतं. तिच्यात तूप असतं आणि तुपात पाणी जवळपास नसतंच. साखर विरघळत नाही, पाक होत नाही. म्हणून ती खुसखुशीत होते, जिभेवर भुगा होऊन विरते, पण कडकन मोडत नाही.

आणि पाकाबद्दल मराठी स्वयंपाकघराला कुणी शिकवायला नको. एकतारी, दोनतारी, गोळीबंद, आणि त्याच्याही पुढे चिक्कीचा पाक, ज्याचा थेंब गार पाण्यात टाकला की टणक होतो आणि मोडताना आवाज करतो. हे सगळे टप्पे म्हणजे पाकात पाणी किती उरलं आहे याची मोजमापं आहेत. गोळीबंद पाक 115 अंशांच्या आसपास होतो आणि त्यात शंभरातले बारा-पंधरा भाग पाणी असतं. 150 अंशांना ते एक-दोन भागांवर येतं. बारच्या मध्यभागी गोळीबंदाच्या अलीकडचा पाक असतो, तर धातूला चिकटलेल्या कडेला चिक्कीच्या जवळ जाणारा. एकाच ट्रेमध्ये, दोन-तीन इंचांच्या अंतरात.

आता मुख्य गोष्ट. असा जवळपास कोरडा पाक भराभर गार झाला की त्याची खडीसाखर होत नाही, काच होते. काच ही पदार्थाची एक अवस्था आहे, ती खिडकीपुरती मर्यादित नाही. खडीसाखरेत साखरेचे रेणू कवायतीला उभे असल्यासारखे ओळीत बसलेले असतात. काचेत ते विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या गर्दीसारखे असतात: रांग नाही, शिस्त नाही, पण इतकी दाटी की ज्याला जिथे जागा मिळाली तिथून हलता येत नाही. पाक गार होत जातो तसा तो दाट होतो, आणि एका ठरावीक तापमानाच्या खाली इतका दाट होतो की त्याला द्रव म्हणण्यात अर्थच उरत नाही. दाटपणा मोजण्याच्या मापाने बोलायचं तर मधापेक्षा सुमारे शंभर अब्ज पट. या तापमानाला काच-संक्रमण तापमान म्हणतात. त्याच्या वर पदार्थ चिवट, चिकट, वाकणारा असतो. खाली ठिसूळ, कडकन मोडणारा.

पूर्ण कोरड्या साखरेचं काच-संक्रमण तापमान 60 ते 70 अंशांच्या दरम्यान आहे. शुद्ध पाण्याचं आहे उणे 137 अंशांच्या आसपास. दोन्हींचं मिश्रण केलं तर तापमान मधे कुठेतरी येणार हे उघड आहे, पण ते वजनाच्या सरळ प्रमाणात येत नाही. गॉर्डन आणि टेलर या संशोधकांनी 1952 मध्ये मुळात कृत्रिम रबरासारख्या बहुवारिकांसाठी, म्हणजे लांब साखळ्यांसारखे रेणू असलेल्या पदार्थांसाठी, एक समीकरण मांडलं. त्यात दोन्ही घटकांच्या तापमानांची भारित सरासरी काढायची असते, मात्र एका घटकाच्या वजनाला एका स्थिरांकाने गुणून. साखर आणि पाण्याच्या जोडीत पाण्याच्या बाजूचा हा स्थिरांक पाचाच्या आसपास येतो. म्हणजे वजनाने एक भाग पाणी सरासरीत पाच भागांइतकं बोलतं. हिशेब केला तर 3 टक्के पाण्याला काच-संक्रमण तापमान तिशीच्या थोडं वर येतं, आणि 5 टक्के पाण्याला ते विशीच्या आसपास घसरतं. आपली खोली या दोन्हींच्या मधे आहे. शंभर ग्रॅममध्ये फक्त दोन ग्रॅम पाण्याचा फरक, आणि तेवढ्यात कुरकुरीत वस्तू चिवट होते.

पाण्याचे रेणू लहान आणि चपळ असतात. साखरेच्या रेणूंच्या मधे शिरून ते त्यांना हालायला जागा करून देतात. हॅरी लेव्हिन आणि लुईस स्लेड या दोन संशोधकांनी 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या खाद्यउद्योगात काम करताना ही बहुवारिकांची भाषा बिस्किटांना, आइस्क्रीमला, पावाला लावून दाखवली. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण त्याआधी "कुरकुरीत" आणि "सादळलेलं" ही बहुतांशी जिभेची मतं होती. त्यानंतर ती मोजता येणारी तापमानं झाली.

आता त्या बोट रुतणाऱ्या बारकडे या. ओव्हनमधून काढला तेव्हा त्याचं तापमान नव्वद-पंच्याण्णव अंश आहे. अगदी कोरड्या कडेचं काच-संक्रमण तापमानसुद्धा याच्या बरंच खाली असणार. म्हणून त्या क्षणी सगळा बार मऊच लागतो, कडाही आणि मधलाही. बोटाची परीक्षा इथे काहीच सांगत नाही. अर्ध्या तासाने कडा आपल्या काच-संक्रमण तापमानाच्या खाली जाते आणि तिची काच होते. मधल्या भागात पाणी जास्त असल्याने त्याचं काच-संक्रमण तापमान खोलीच्या तापमानाच्या खूप खाली असतं, तो चिवट राहतो. आणखी दहा मिनिटं भाजलं तर मधलं पाणीही निघून जातं आणि गार झाल्यावर सगळा ट्रे चिक्की होतो. म्हणून कडा सोनेरी झाल्या आणि त्यांनी ट्रे सोडायला सुरुवात केली की बाहेर काढा, ट्रेमध्येच गार होऊ द्या, आणि मगच वड्या पाडा.

ब्राउन शुगरबद्दल एक सांगायलाच हवं. ती "नैसर्गिक", "खनिजयुक्त", "आरोग्यदायी" म्हणून दुप्पट भावात विकली जाते. ही साखर म्हणजे मळीचा पातळ थर असलेली पांढरी साखरच. त्यातल्या खनिजांसाठी ती खाणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. बारमध्ये तिचं काम वेगळं आणि खरं आहे. मळीत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात. ग्लुकोजचं काच-संक्रमण तापमान तिशीच्या आसपास, फ्रुक्टोजचं दहाच्याही खाली. त्यामुळे ब्राउन शुगरचा बार जास्त मऊ राहतो, आणि त्या शर्करा हवेतलं पाणीही धरून ठेवतात. गुळाच्या कुकी लवकर मऊ पडतात त्याचंही हेच कारण.

काचेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गैरसमज. युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांची तावदानं काही ठिकाणी खाली जाड दिसतात, आणि काच शतकानुशतकं हळूहळू वाहत असल्याचा तो पुरावा म्हणून सांगितला जातो. तसं नाही. त्या काळी तावदानं एकसारख्या जाडीची बनतच नसत. काचेचे अभ्यासक एडगर झानोट्टो यांनी 1998 मध्ये हिशेब मांडून दाखवलं की खोलीच्या तापमानाला काच डोळ्यांना दिसेल इतकी वाहायला विश्वाच्या वयाहूनही कितीतरी जास्त काळ लागेल.

बार करून झाला, आता टिकवायचा कसा? इथे हवा महत्त्वाची ठरते. पदार्थातलं पाणी किती मोकळं आहे ते शून्य ते एक या मापावर मोजतात, आणि उघडा पदार्थ हळूहळू भोवतालच्या हवेच्या आर्द्रतेशी जुळवून घेतो. या मापावरचे 0.3 म्हणजे हवेतली 30 टक्के आर्द्रता. कुरकुरीत बिस्किट या मापावर 0.2 ते 0.3 असतं. ते 0.4 ते 0.5 च्या पुढे गेलं की कुरकुरीतपणा संपतो. मऊ बार 0.6 च्या आसपास. शिकागोसारख्या शहरात डिसेंबरमध्ये घरं तापवलेली असतात आणि आतली आर्द्रता 20-30 टक्क्यांवर येते. तिथे बिस्किट टिकतं, पण मऊ बार वाळून खडखडतो. म्हणून तिकडे कुकीच्या डब्यात पावाचा तुकडा ठेवतात. जर्मनीत नाताळच्या लेबकुखन या मधाच्या कुकीबरोबर डब्यात सफरचंदाची फोड ठेवायची पद्धत आहे. ती फोड पाणी सोडते, लेबकुखन ते शोषून घेतं आणि मऊ होतं. बुरशी येऊ नये म्हणून फोड वरचेवर बदलतात.

गोव्यात आणि वसईत नेमकं उलटं. किनाऱ्यावर डिसेंबरातही आर्द्रता बहुधा साठ टक्क्यांच्या पुढे असते. मऊ बार तिथे सुखाने राहतो, जीव जातो तो कुरकुरीत पदार्थांचा. गोव्यात नाताळला शेजाऱ्यांकडे ताट पाठवतात. त्यात कुलकुल (पिठाचे छोटे तळलेले शिंपले) आणि नेवऱ्या (करंज्या) असतात, आणि त्यांच्याच शेजारी दोदोल (नारळ-गुळाची मऊ मिठाई), पेराद (पेरूची वडी), रवा-नारळाच्या बाथ या केकचे तुकडे. ताट रात्रीच भरून झाकून ठेवलं तर दोदोल आणि बाथमधलं पाणी रात्रभरात कुलकुलांकडे जातं, कारण झाकणाखालच्या हवेतून ते जास्त ओल्याकडून कमी ओल्याकडे सरकतच राहतं. सकाळी दोन्ही बिघडलेले: कुलकुल सादळलेले, बाथच्या कडा कोरड्या. फ्रिजही इथे कामाचा नाही. गार डबा दमट हवेत उघडला की पदार्थांवर दव धरतं, आणि तेवढं पाणी काच मऊ करायला पुरतं.

तेव्हा कुरकुरीत पदार्थांचा डबा वेगळा, मऊ पदार्थांचा वेगळा, दोन्ही घट्ट झाकणाचे. आणि ताट भरायचं ते देण्याच्या दिवशी सकाळी. तरीही कुलकुल सादळलेच तर 150 अंशांच्या ओव्हनमध्ये सात-आठ मिनिटं ठेवून ताटलीत पसरून गार करा. ओव्हनमधून काढल्या काढल्या ते मऊच लागतील. अर्धा तास थांबा.