फ्रान्स–स्पेन दहशतवादविरोधी सहकार्य

‘एटा’ या स्वतंत्र बास्क प्रदेशासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेविरुद्ध (स्थापना १९५९) फ्रान्स व स्पेन यांनी उभारलेली पोलिसी व न्यायिक यंत्रणा. एटाने ८००हून अधिक बळी घेतले, ते प्रामुख्याने स्पेनमध्ये. तिचे नेतृत्व व शस्त्रसाठे मात्र दीर्घकाळ सीमेपलीकडे, फ्रेंच बास्क प्रदेशात होते. स्पेनमधील फ्रँकोच्या हुकूमशाहीतून निसटलेले निर्वासित म्हणून फ्रान्सने एटाच्या सदस्यांना आसरा दिला आणि फ्रँकोच्या मृत्यूनंतरही (१९७५) हे धोरण काही वर्षे टिकले.

सहकार्याचा आरंभ केव्हा धरावा याविषयी मतभेद आहेत. एक पक्ष १४ जून १९८४ रोजी माद्रिदमध्ये स्पेनचे गृहमंत्री बारिओनुएवो व फ्रान्सचे गृहमंत्री दफेर यांच्यात झालेल्या ‘कास्तेयाना करारा’कडे बोट दाखवतो. त्यानंतर सप्टेंबरमध्ये फ्रान्सने एटाच्या तिघांचे प्रत्यार्पण केले. इतर काहींना मात्र टोगो या आफ्रिकी देशात धाडले. दुसरा पक्ष जुलै १९८६ हा आरंभ मानतो. फ्रान्सच्या शिराक सरकारने त्या वेळी ‘अतितातडी’च्या प्रशासकीय हकालपट्टीचा मार्ग अवलंबला आणि प्रत्यार्पणाच्या न्यायालयीन प्रक्रियेला वळसा घालून संशयितांना थेट स्पॅनिश पोलिसांच्या हाती देण्यास सुरुवात केली. प्रत्यक्ष परिणामाच्या दृष्टीने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

फ्रान्सचे मन कशामुळे वळले, हा प्रश्न अधिक अवघड आहे. ‘गाल’ या एटाविरोधी गुप्त टोळीने १९८३ ते १९८७ या काळात मुख्यतः फ्रेंच भूमीवर २७ जणांना ठार केले. या हिंसेच्या दडपणाला काही अभ्यासक निर्णायक मानतात. इतर अभ्यासक स्पेनमधील लोकशाहीची स्थिरता व युरोपीय समुदायातील प्रवेश (१ जानेवारी १९८६) यांवर भर देतात. ‘गाल’मागे स्पॅनिश राज्ययंत्रणेतील माणसे होती, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. टोळीने केलेल्या एका अपहरणाबद्दल १९९८मध्ये दोषी ठरलेल्यांत करारावर सही करणारे बारिओनुएवोही होते.

नोव्हेंबर १९८६मध्ये फ्रेंच बास्क प्रदेशातील ऑन्दाय येथील एका कारखान्यात एटाच्या हिशेबाची कागदपत्रे सापडली. मार्च १९९२मध्ये त्याच प्रदेशातील बिदार येथे तिचे तीन म्होरके एकदम पकडले गेले. २००४पासून युरोपीय अटक वॉरंट (सदस्य देशांच्या न्यायालयांनी संशयित थेट एकमेकांच्या हवाली करण्याची पद्धत) लागू झाले, तरी १ नोव्हेंबर १९९३पूर्वीच्या गुन्ह्यांसाठी फ्रान्सने जुनी प्रत्यार्पण पद्धतच राखली. डिसेंबर २००७मध्ये फ्रान्समधील काप्ब्रतों येथे एटावर पाळत ठेवणारे ‘सिव्हिल गार्ड’ या स्पॅनिश पोलीस दलाचे दोघे जण एटाकडून मारले गेल्यावर, पुढच्याच महिन्यात कायम संयुक्त तपास पथकांचा निर्णय झाला.

एटाने ऑक्टोबर २०११मध्ये सशस्त्र कारवाया थांबवल्या, एप्रिल २०१७मध्ये बायॉन परिसरातील शस्त्रसाठ्यांचे ठावठिकाणे कळवले व मे २०१८मध्ये विसर्जन जाहीर केले.