सव्वीस डाव आणि एक-एक धाव

1 मे 1920 रोजी बॉस्टनच्या ब्रेव्ह्ज फील्ड मैदानावर ब्रुकलिन रॉबिन्स आणि बॉस्टन ब्रेव्ह्ज हे संघ समोरासमोर आले. बेसबॉलचा सामना नऊ डावांचा असतो आणि बरोबरी झाल्यास निकाल लागेपर्यंत एकेक डाव वाढवला जातो. ब्रुकलिनने पाचव्या डावात एक धाव केली, बॉस्टनने सहाव्या डावात तिची परतफेड केली आणि त्यानंतर सलग वीस डाव एकही धाव झाली नाही. 3 तास 50 मिनिटांनंतर, सव्वीसाव्या डावाअखेर, अंधारामुळे खेळ थांबवण्यात आला. डावांच्या संख्येने याहून मोठा सामना मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत, आजवर झालेला नाही.

ब्रुकलिनचा लिऑन कॅडोर आणि बॉस्टनचा जो एश्गर या दोन पिचरांनी (बॅटरकडे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूंनी) सगळेच्या सगळे डाव एकट्याने टाकले, हे आजच्या वाचकाला अविश्वसनीय वाटेल. त्यांचे कौतुक वादातीत आहे. तरीही धावफलक इतका वेळ गोठून राहिला त्याचे श्रेय केवळ त्यांच्या हातांना देता येत नाही.

पहिले कारण म्हणजे चेंडू. बेसबॉलच्या चेंडूत मधोमध बूच, त्याभोवती लोकरीच्या धाग्याचे घट्ट वेढे आणि वर चामडे असते. बॅटचा आघात झाला की चेंडू क्षणभर चपटा होतो आणि पुन्हा मूळ आकारात येताना त्यातील थोडी ऊर्जा परत देतो. उरलेली मोठी ऊर्जा धाग्यांच्या घर्षणात उष्णता होऊन जाते. लोकर ओलावा शोषून घेते, आणि दमट चेंडू जड होतो, शिवाय कमी उसळतो. त्या काळी एकच चेंडू दीर्घकाळ वापरला जाई आणि मार खाऊन खाऊन तो मऊ पडे. त्यातच ब्रेव्ह्ज फील्डची डावीकडची सीमा सुमारे 122 मीटरवर बांधलेली होती, तर क्रिकेटची सीमारेषा फार तर 82 मीटरवर असते. या सामन्यात एकही होमरन (चेंडू सीमेपार टोलवून मिळवलेली धाव) झाला नाही, याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

दुसरे कारण डोळ्यांत दडलेले आहे. पिचर 18.44 मीटर अंतरावरून चेंडू टाकतो. चेंडूचा वेग ताशी 130 किलोमीटर धरला, तर तो सुमारे अर्ध्या सेकंदात बॅटरपर्यंत पोहोचतो, आणि बॅट फिरवण्याचा वेळ वजा केला की निर्णयासाठी त्यातला जेमतेम काही भाग उरतो. प्रकाश मंदावला की दृष्टिपटलावरील पेशींना संदेश पाठवण्याआधी प्रकाशकण अधिक वेळ साठवावे लागतात, म्हणून मेंदूला दिसणारे चित्र काही मिलिसेकंदांनी शिळे असते. केवळ 10 मिलिसेकंदांत तो चेंडू 36 सेंटीमीटर पुढे सरकतो, आणि बॅटची जाडी तर सुमारे 7 सेंटीमीटर! मातीने काळवंडलेला चेंडू संधिप्रकाशात आणखी अंधुक दिसतो. हा धोका किती खरा होता, ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिसले: क्लीव्हलंडच्या रे चॅपमनच्या डोक्यावर चेंडू आदळून त्याचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर मळलेले चेंडू तत्परतेने बदलले जाऊ लागले.

मात्र चेंडू आणि प्रकाश सर्व काही सांगत नाहीत. सतराव्या डावात पुरेसा उजेड होता, ब्रुकलिनचे तीनही बेस भरलेले होते (म्हणजे धावेच्या वाटेवरील तिन्ही टप्प्यांवर त्यांचा एकेक खेळाडू उभा होता) आणि एकच गडी बाद होता. जमिनीलगत आलेला चेंडू एश्गरने यष्टिरक्षकाच्या जागी असलेल्या हँक गाउडीकडे टाकला. गाउडीने तो पहिल्या बेसवरील वॉल्टर होल्कीकडे दिला, होल्कीने परत केला आणि घराकडे, म्हणजे धाव पूर्ण होते त्या शेवटच्या टप्प्याकडे, झेपावणाऱ्या ब्रुकलिनच्या एड कोनेचीला गाउडीने स्वतःला आडवे झोकून देत बाद केले.

सव्वीसाव्या डावानंतर ब्रुकलिनच्या आयव्ही ओल्सनने पंचांकडे आणखी एकच डाव मागितला, म्हणजे एका दिवसात तीन पूर्ण सामने खेळल्याचे सांगता आले असते. पंच बॅरी मॅकॉर्मिक यांनी नकार दिला.